स्पिटफायरची थोरली बहीण

आमच्या गाडीला मी स्पोर्ट्स कार म्हटलं की घरात कुणी वाद घालत नाही. सगळे एकदम ताटात बघायला लागतात. गाडी म्हणजे स्टँडर्ड हेराल्ड, १९६४ सालची, दोन दारांची, मद्रासला तयार झालेली. वडिलांनी ती सेकंडहँड घेतली, आणि तिचा मूळ रंग कोणता यावर आमच्याकडे अजून एकमत नाही.

माझं म्हणणं नात्यावर उभं आहे. इंग्लंडमध्ये ट्रायम्फने हेराल्ड आणली १९५९ साली. अंगकाठी बेतली ती इटलीच्या जोव्हानी मिकेलोत्तीने. तीन वर्षांनी हिचीच चासी, म्हणजे खालचा सांगाडा, आखूड करून आणि वरचं अंग त्याच मिकेलोत्तीकडून बेतून घेऊन त्यांनी स्पिटफायर काढली. ती खरीखुरी स्पोर्ट्स कार, दोन माणसांची, उघड्या टपाची. म्हणजे धाकटी नाव काढायला बाहेर पडली आणि थोरली घरचं बघत राहिली, एवढाच काय तो फरक. इंजिनही एकाच घराण्यातलं. हिचं ९४८ सीसी, तिचं ११४७. हिची ताकद पस्तीस हॉर्सपॉवरच्या आसपास, तिची त्रेसष्ट. या अठ्ठावीस घोड्यांनी माझी बरीच वर्षं झोप घालवली.

मेस्त्रींचं गॅरेज देवगड-जामसंडे रस्त्याला आहे. गॅरेज म्हणायचं ते सवयीने. निम्मी जागा ट्रॉलरच्या डिझेल इंजिनांनी व्यापलेली, उरलेल्या जागेत एखादी रिक्षा, आणि कोपऱ्यात वर्षातून चार वेळा आमची हेराल्ड. तिथे ऑइलच्या वासात सुकटीचा वास मिसळलेला असतो. हेराल्डचं बॉनेट उघडणं हा बघण्यासारखा प्रकार आहे. दोन्ही बाजूंचे खटके सोडले की मडगार्ड, दिवे, नाक असं पुढचं सगळं तोंड एकदम पुढे कलतं आणि इंजिन तिन्ही बाजूंनी मोकळं होतं. मेस्त्री मग पुढच्या चाकावर पाटावर बसावं तसे बसतात. आताच्या गाड्यांवर त्यांचा राग आहे तो मुख्यतः यासाठी, की बसायला कुठे जागाच ठेवलेली नाही.

मुंबईच्या एका भंगारवाल्याकडून मी जोडीचे एसयू कार्बोरेटर, म्हणजे इंजिनासाठी पेट्रोल आणि हवा मिसळणारे भाग, मिळवले होते. वर्तमानपत्रात गुंडाळलेली ती जोडी मी मेस्त्रींच्या पुढ्यात ठेवली आणि पाठ केलेलं सगळं म्हणून दाखवलं. हेड घासून कॉम्प्रेशन वाढवायचं, बोअर, म्हणजे सिलिंडरचं भोक, मोठा करायचा, दोन कार्बोरेटर चढवायचे. त्यांनी एक उघडून त्यातला पिस्टन बोटाने वर उचलला, सोडला, तो खाली बसताना पाहिला आणि विचारलं, "तुका रेस मारूची आसा काय घराक पोचूचा आसा?"

मी म्हटलं, दोन्ही.

"मगे आधी थांबता कशी ता बघूया."

हे मला लागलं, कारण खरं होतं. चारही चाकांना ड्रम ब्रेक. मागचा अ‍ॅक्सल असा की वळणावर वेगात असताना पाय एकदम काढला तर चाक आत दुमडतं आणि गाडी शेपटीकडून निघते. अशा गाडीला दुप्पट ताकद देणं म्हणजे आजोबांना मोटरसायकल भेट देणं. मित्रांनी सुचवलं होतं की सरळ मारुतीचं इंजिन टाकून मोकळा हो. त्यावर मेस्त्रींनी आरसी बुकावरच्या इंजिन नंबरावर बोट ठेवलं आणि तो विषय तिथेच मिटला.

चैत्रात इंजिन खाली उतरलं. बोअरिंगला ब्लॉक कोल्हापूरला, उद्यमनगरात पाठवायचा ठरला, पण एवढं धूड न्यायचं कसं? हापूसचा सीझन जोरात होता. आंब्याच्या पेट्या घेऊन निघालेल्या एका टेम्पोत, पेंढ्याच्या बिछान्यावर आमचा ब्लॉक बसला आणि फोंडाघाट चढून गेला. परत आला तेव्हा चारही सिलिंडर आरशासारखे लख्ख, आणि पाण्याच्या एका वाटेत पेंढ्याची काडी. ती मी काढली. माझं या कामातलं प्रत्यक्ष योगदान तेवढंच.

बोअर वाढला चाळीस थाऊ, म्हणजे इंचाचे चाळीस हजारांश, जेमतेम एक मिलिमीटर. मूळचा ६३ मिलिमीटर, आता ६४. वहीत हिशेब केला तर ९४८चे ९७८ सीसी झाले. तीस सीसी! मी हा आकडा मोठ्याने सांगितला. मेस्त्रींनी चहाचा कप पुढे केला. "ह्यां बघ. अर्धो कप." कप त्यांचा लहान असतो, पण मुद्दा पोचला.

बाकी जे झालं त्यातलं काहीच मी मागितलेलं नव्हतं. ब्रेकचे सिलिंडर आणि लायनर नवे. रेडिएटर उघडून आतून साफ. व्हॉल्व्हना कडक सीट बसवल्या, कारण या इंजिनाच्या जन्मवेळी पेट्रोलमध्ये शिसं असायचं आणि व्हॉल्व्हच्या सीटना तेच सांभाळायचं. आपल्याकडे ते २०००पासून बंद आहे. पेट्रोलचे रबरी पाइप सगळे बदलले, कारण आता वीस टक्के इथेनॉल, ते जुनं रबर खातं आणि हवेतलं पाणी ओढतं. आणि पाण्याला आमच्या हवेत काय तोटा! डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर आला, कॉन्टॅक्ट पॉइंट जाऊन इलेक्ट्रॉनिक इग्निशन आलं. हेड घासलं, पण कागद तासावा तेवढंच. चासीला पत्र्याची ठिगळं पडली त्यांची गणती नको. खारा वारा या गाडीला माझ्या आधीपासून ओळखतो.

मी कुरकुरलो. दोन कार्बोरेटर का नाही, असं तिसऱ्यांदा विचारल्यावर त्यांनी पाना खाली ठेवला. "समुद्रात इंजिन बंद पडला तर खाली उतरान ढकलूक गावणा नाय. माका तसाच काम येता. दुसरा येणा नाय." मग परत पाना उचलला. यावर बोलण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

घाई मात्र त्यांनाच होती. १ जूनपासून मासेमारी बंद, बोटी किनाऱ्याला ओढल्या की दोन महिने त्यांना मान वर करायला फुरसत नसते. त्यामुळे मे संपता संपता, मिरगाच्या आत, एका सकाळी इंजिन चासीवर बसलं. टॅपेट लावायला, म्हणजे व्हॉल्व्हवरची फट बेतायला, फिलर गेजची दहा थाऊची पात हातात घेतली आणि प्रत्येक फटीत ती सरकवून बघताना मेस्त्रींनी डोळे मिटले होते. ताकातून रवी फिरवताना आई लोणी आलं का ते हाताला विचारायची, तसं काहीतरी. मग म्हणाले, मार सेल्फ.

पहिल्या सेल्फला लागली. त्यांनी लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक ब्लॉकला लावलं, मूठ कानाला लावली आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. मी काहीतरी बोलायला गेलो. "गप रव. ता बोलता हा."

त्याच आठवड्यात फोंडाघाट केला. पूर्वी निम्म्या वाटेत काटा लाल व्हायचा आणि मी बाटल्या घेऊन झऱ्याकडे पळायचो. या वेळी थेट दाजीपूरला जाऊन थांबलो, तेही चहासाठी. वेग विचाराल तर एका एसटीने मला ओव्हरटेक केलं आणि कंडक्टरने हात केला. पण उतारावर ब्रेकवर पाय ठेवला तशी गाडी सरळ रेषेत थांबली. आणि गावात शिरल्यावर बाजाराच्या बोळात माझ्यासमोर अडकलेल्या चकाचक एसयूव्हीला मागे-पुढे करताना बघत मी एका दमात वळलो. हेराल्ड पंचवीस फुटांत वळते. हे तिचं जन्मजात आहे, याला कुणी हात लावलेला नाही.

परवा पावसात ऑइल बघून घ्यायला गेलो होतो. गॅरेजभर बोटींची इंजिनं सुटी करून पसरलेली. फळीवर बिलांचा गठ्ठा आणि तो उडू नये म्हणून वर माझा एक एसयू कार्बोरेटर. दुसरा कुठे दिसेना. मी विचारलं.

"आसा खंय तरी," मेस्त्री म्हणाले. "तुका घाई कसली?"