आंब्या-अननसाच्या वासाचा एक कप

गेल्या आठवड्यात पणजीहून परतताना मी ‘ट्रॉपिकल फ्रूट’ असे लिहिलेला हर्बल चहा विकत आणला. फोंड्याला संततधार लागलेली होती, मानकुराद आंब्याचा मोसम केव्हाच सरला होता, आणि खोक्यावरच्या आंब्या-अननसाच्या चित्राने मन ओढले.

खोके उघडताच पिकलेल्या आंब्याचा दाट वास आला. घटकांची यादी मात्र वेगळेच सांगत होती. अशा यादीत ज्याचे वजन सर्वांत जास्त तो घटक आधी लिहिलेला असतो, आणि येथे पहिले नाव जास्वंदीचे होते. त्यानंतर सफरचंद, रोझहिप (रानगुलाबाचे फळ), साखरेत मुरवलेली पपई, थोडेसे अननस आणि शेवटी सुगंध. आंब्याचे नाव कुठेच नव्हते, म्हणजे तो केवळ त्या शेवटच्या शब्दात होता. एक पिशवी कात्रीने कापून बशीत रिकामी केली, तेव्हा काळपट लाल तुकड्यांत अननसाचे कण बोटांवर मोजण्याइतकेच सापडले.

ही जास्वंद आपल्या अंगणातली नव्हे. ती लाल अंबाडी. तिच्या फुलाखालचा मांसल, आंबट निदलपुंज सुकवून अशा चहात घालतात. चहाची पाने यात अजिबात नसल्यामुळे कॅफीनही नाही, आणि पाने करपण्याची भीती नसल्याने पाणी खळखळून उकळलेलेच घ्यावे लागते. मी एका पिशवीला २०० मिलिलिटर पाणी घेतले आणि कप ७ मिनिटे झाकून ठेवला. झाकणे महत्त्वाचे, कारण सुगंधाचे घटक वाफेबरोबर निघून जातात.

रंग अप्रतिम होता, भिरंडाच्या, म्हणजे कोकमाच्या, सरबताइतका गडद. पहिला घोट घेतला तेव्हा आधी आंबटपणा जाणवला आणि मग, घोट गिळल्यावर, आंबा. या क्रमाचे मला कुतूहल वाटले, म्हणून दुसरा घोट नाक चिमटीत धरून घेतला. आंबा आणि अननस दोन्ही नाहीसे झाले. जिभेवर उरला तो अंबाडीचा आंबटपणा आणि पपईच्या साखरेची पुसट गोडी. नाक सोडताक्षणी घशातून वर चढलेल्या वासाबरोबर आंबा परत आला. ज्याला आपण फळाची चव म्हणतो त्यातला केवढा मोठा वाटा वासाचा असतो, हे वाचून माहीत होते, पण इतक्या स्पष्टपणे ते मी यापूर्वी कधी अनुभवले नव्हते.

आईला कप दिला. तिने दोन घोट घेतले आणि म्हणाली, “सोलांचं पाणी ऊन केल्यासारखं लागतं गो.” सोलां म्हणजे भिरंडाची सुकवलेली साले, आणि तिचे निरीक्षण अचूक होते. भिरंड आणि लाल अंबाडी, दोन्हींचा लाल रंग अँथोसायनिन या एकाच गटातल्या रंगद्रव्यांचा आहे आणि दोन्ही मुळात आंबट आहेत. हा रंग आम्लात लाल राहतो आणि क्षारात निळ्याकडे झुकतो. कप धुताना साबणाच्या पाण्यात पडलेला थेंब खरोखरच जांभळट निळा झाला. दूध मात्र यात चुकूनही घालू नये, आंबटपणामुळे ते फाटते.

आईच्या त्या वाक्यावरून दुसऱ्या दिवशी मी घरचा काढा करून पाहिला: परसातल्या गवती चहाची दोन पाती, दोन सोलां, अननसाच्या चार फोडी आणि सुपारीएवढा गूळ. पोर्तुगिजांनी दक्षिण अमेरिकेतून आणलेले अननसाचे फळ आता आपल्या परसात इतके रुळले आहे की त्याला परके म्हणवत नाही. फोडी उकळल्या तेव्हा त्यांचा वास बराच उणावला, म्हणून पुढच्या खेपेस त्या गॅस बंद केल्यावर घातल्या आणि भांडे झाकले. या कपात अननस वासालाही होता आणि जिभेलाही, आणि मला तोच अधिक आवडला. विकतच्या चहाची खरी गंमत थंड करून पिण्यात आहे असे माझे मत झाले: रात्रभर फ्रिजमध्ये गार पाण्यात भिजवला की आंबटपणा सौम्य होतो आणि आंबा पुढे येतो. उरलेल्या पिशव्या मी घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत भरून ठेवल्या आहेत, कारण या दमट हवेत पुठ्ठ्याच्या खोक्यातला वास महिनाभरही टिकेलसे वाटत नाही.