छिद्रांत एन्झाइम बसवण्याचा खटाटोप

लायपेज म्हणजे तेल-चरबी तोडणारं एन्झाइम, एक प्रोटीन. त्याचा एक रेणू जेमतेम चार-पाच नॅनोमीटरचा. त्याला प्लास्टिकच्या फिल्ममधल्या पंधरा-वीस नॅनोमीटरच्या छिद्रात बसवलं, तर गरम केल्यावर उलगडून निकामी व्हायला त्याला जागा कमी मिळेल आणि तो जास्त टिकेल, एवढाच माझा बेत होता.

फिल्म पॉलिस्टायरीन आणि पॉलिलॅक्टाइड यांच्या ब्लॉक कोपॉलिमरची होती, म्हणजे दोन्हींच्या साखळ्या टोकाला टोक जोडलेल्या. कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात पॉलिलॅक्टाइड विरघळून जातं, पॉलिस्टायरीन तसंच राहतं आणि रिकाम्या झालेल्या जागा म्हणजे आपली छिद्रं. फिल्म धुऊन, वाळवून वजन करायचं. पॉलिलॅक्टाइडच्या वाट्याइतकं वजन घटलं असेल तर पुढे जायचं. इथपर्यंत फार डोकं लागत नाही.

खरी गंमत पुढे. पॉलिस्टायरीनला पाण्याचं वावडं. कोरडी फिल्म बफरमध्ये (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या पाण्याच्या द्रावणात) टाकली की ती वर तरंगते, छिद्रांतली हवा हलत नाही, आणि एन्झाइम आपलं बाहेरच्या पृष्ठभागावर चिकटून बसतं. म्हणून आधी फिल्म इथेनॉलमध्ये भिजवायची, मग इथेनॉलचं प्रमाण टप्प्याटप्प्याने कमी करत बफरवर आणायची. मध्ये ती वाळली तर पुन्हा इथेनॉलपासून सुरुवात. इथेनॉल नीट निघून गेलं पाहिजे, नाहीतर तेच एन्झाइमला त्रास देतं. लायपेजला तेलकट पृष्ठभाग तसा मानवतो, ही त्यातल्या त्यात जमेची बाजू.

मग एन्झाइमच्या द्रावणात ४ अंश सेल्सिअसला, हलक्या हलवणीवर ठेवलं. द्रावणातलं प्रोटीन किती घटलं ते ब्रॅडफर्ड चाचणीने काढता येतं, पण घटलेलं सगळं छिद्रांतच गेलं असं धरून चालू नये. थोडं नळीच्या भिंतीलाही चिकटतं. म्हणून एक नळी फिल्मशिवाय ठेवायची.

क्रियाशीलता मोजायला पॅरा-नायट्रोफेनिल ब्युटिरेट वापरलं. लायपेजने ते तोडलं की पिवळा रंग येतो, तो ४०५ नॅनोमीटरला मोजतात. हे संयुग पाण्यात आपोआपही थोडं तुटतं आणि पॉलिमरमध्ये मुरतं, त्यामुळे तुलनेसाठी एन्झाइम नसलेल्या फिल्मचा कंट्रोल हवाच. मला सगळ्यात विश्वासाची वाटते ती चाचणी अगदी साधी आहे: रंग चढत असताना चिमट्याने फिल्म बाहेर काढायची. उरलेल्या द्रावणात रंग चढतच राहिला, तर एन्झाइम गळतंय. सुरुवातीला तो चढत होता. धुणं वाढवल्यावर थांबला.

६० अंशांवर ठेवल्यावर मोकळं लायपेज लवकर मान टाकत होतं, फिल्ममधलं मात्र जवळपास जसंच्या तसं. ग्राफ इतका सुंदर आला की मॅडमनी लगेच विचारलं, "फिल्म किती जाड आहे?" प्रश्न रास्त होता. जाड फिल्ममध्ये सब्स्ट्रेट, म्हणजे एन्झाइम जे तोडतं ते संयुग, आतपर्यंत पोचतच नाही, आतलं एन्झाइम नुसतं बसून असतं. बाहेरचं मेलं की सब्स्ट्रेट आणखी आत शिरतो, त्याला काम मिळतं आणि एकूण वेग फारसा घटल्याचं दिसत नाही. टिकाऊपणाचा हा देखावा मोकळ्या एन्झाइमशी केलेल्या तुलनेत पकडताच येत नाही.

म्हणून पातळ फिल्म घेतली, एन्झाइमही कमी भरलं आणि तीच चाचणी पुन्हा केली. फरक उरला, पण आधीच्या ग्राफइतका नेत्रदीपक नाही. अहवालात हाच ग्राफ घेतला. जाड फिल्मचा शेजारी छापलाय, दोन्हींची जाडी आणि भरलेल्या एन्झाइमचं प्रमाण लिहून.