गलीनाच्या पोस्टाचा देखरेख अभियंता

जुन्या इमारतींची तपासणी हे माझं काम. मागच्या ऑक्टोबरात इलिनॉयच्या वायव्य कोपऱ्यातल्या गलीना गावात एका दगडी कोठाराची भिंत बघायला गेलो होतो. दगडाची वरची कातडी पापुद्र्यासारखी सुटत होती. कारण लगेच दिसलं. आधीच्या कंत्राटदारानं चुन्याच्या दर्जा, म्हणजे दगडांमधले सांधे, उकरून सिमेंटनं भरल्या होत्या. चुना ओल बाहेर जाऊ देतो. सिमेंट ती अडवतं, मग थंडीत आतलं पाणी गोठतं आणि दगडच फुटतो. मी वाईचा, घाटावरचे दगड बघत वाढलेला. असं काही दिसलं की पोटात तुटतं.

आमच्याबरोबर पासष्टीचा एक गवंडी होता. दुपारी तो म्हणाला, "पोस्टात चल. चांगलं काम कसं असतं ते बघ." गावातलं पोस्ट ही सरकारनं बांधलेली चुनखडीची जुनी इमारत, तेव्हा जकात कचेरीही तिथेच होती. मी सवयीनं दर्जेवरून बोट फिरवत होतो, तेवढ्यात तो म्हणाला, "या कामावरचा साहेब सेनेका होता. ईली पार्कर."

सेनेका ही अमेरिकेतली एक मूलनिवासी जमात. पार्करचं नाव मी ऐकलं होतं, पण सैन्यातला अधिकारी म्हणून. तो आपल्याच पेशातला, हे मला त्या दिवशी कळलं. रात्री लॉजवर अहवाल बाजूला ठेवून मी वाचत बसलो.

पार्करचा जन्म 1828 चा, न्यूयॉर्क राज्यातल्या सेनेकांच्या टोनावांडा वसाहतीतला. घरचं नाव हसानोआंडा. सेनेकांच्या जमिनीवर एका जमीन कंपनीचा डोळा होता, म्हणून पोरवयातच तो वडीलधाऱ्यांचा दुभाषा झाला आणि त्यांची गाऱ्हाणी घेऊन वॉशिंग्टनला जाऊ लागला. पुढे कायदा शिकला, पण नागरिक नाही म्हणून वकिलीची सनद नाकारली. इथे माझं वाचणं थांबलं. मी या देशाचा नागरिक नाही. व्हिसावर आलोय, तरी माझ्या सहीचा शिक्का नकाशांवर चालतो. आणि ज्याच्या वाडवडिलांची ही भूमी, त्याला सनद नाही! मग तो कालव्यांच्या कामावर अभियांत्रिकी शिकला आणि 1857 साली सरकारी बांधकामांवर देखरेख करायला गलीनाला आला. त्याच वर्षीच्या तहानं टोनावांडाच्या लोकांना साडेसात हजार एकरांच्या आसपास जमीन पैसे मोजून परत घेता आली. स्वतःचीच जमीन, विकत. त्या लढ्यात पार्कर पुढे होता.

गलीनातच वडिलांच्या चामड्याच्या दुकानात काम करणाऱ्या युलिसिस ग्रँटशी त्याची ओळख झाली. 1861 मध्ये उत्तर आणि दक्षिणेच्या राज्यांत यादवी युद्ध पेटलं, तेव्हा पार्करनं सैन्यात यायची तयारी दाखवली. परराष्ट्रमंत्री सीवर्डनं सांगितलं की हे गोऱ्यांचं भांडण आहे, घरी जाऊन शेती कर. 1863 मध्ये अखेर कॅप्टनची नेमणूक मिळाली. व्हिक्सबर्गच्या वेढ्याच्या सुमारास एका डिव्हिजनचा मुख्य अभियंता आणि पुढच्या वर्षी, तोवर उत्तरेचा सेनापती झालेल्या ग्रँटचा लष्करी सचिव.

9 एप्रिल 1865. अ‍ॅपोमॅटॉक्सला मॅक्लीनच्या घरातल्या दिवाणखान्यात दक्षिणेचा सेनापती जनरल ली शरण आला. ग्रँटनं अटी पेन्सिलीनं लिहिल्या होत्या. शाईची प्रत काढायचं काम दुसऱ्या अधिकाऱ्याकडे होतं, पण त्याचा हात थरथरायला लागला. म्हणून कागद पार्करकडे आला. घरातली दौत कोरडी. लीचा सचिव मार्शल यानं खिशातली लाकडी दौत पुढे केली. थोड्या वेळानं मार्शलला लीचं उत्तर लिहायचं होतं, तर त्याच्याकडे कागद नव्हता. तो पार्करनं दिला. "एक तरी खरा अमेरिकन इथे दिसला," असं ली पार्करला म्हणाला आणि "आपण सगळेच अमेरिकन," असं पार्कर उत्तरला, ही गोष्ट सगळीकडे सांगतात. मला त्याहून ही शाई-कागदाची देवघेव खरी वाटते. चार वर्षं एकमेकांना मारून झाल्यावर दोन माणसं एका टेबलाशी लिहायला बसतात, आणि त्यांतला न थरथरणारा हात त्या माणसाचा, ज्याला शेती करायला जा म्हणून सांगितलं होतं.

पुढे ग्रँट राष्ट्राध्यक्ष झाल्यावर, 1869 मध्ये, पार्कर इंडियन, म्हणजे मूलनिवासी जमातींच्या, व्यवहारांचा आयुक्त झाला. त्या पदावरचा पहिला मूलनिवासी. आरोप झाले, काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, चौकशीत तो निर्दोष ठरला, तरी 1871 मध्ये त्यानं पद सोडलं. धंद्यातला पैसा बुडाला. शेवटची बरीच वर्षं न्यूयॉर्कच्या पोलीस खात्यात कारकुनी केली आणि 1895 मध्ये तो गेला. हा भाग वाचताना मला राग आला, अजूनही येतो.

सकाळी कामावर जाण्याआधी पोस्टात गेलो. वडील बांधकाम खात्यात ओव्हरसिअर होते. त्यांना कित्येक वर्षांनी हातानं पत्र लिहिलं, आधी भिंतीबद्दल आणि मग पार्करबद्दल. खिडकीतल्या बाईंना विनंती केली, तसा त्यांनी तारखेचा शिक्का नीट दाबून उमटवला.

तीन आठवड्यांनी वाईहून फोन आला. पत्र दोनदा वाचलं म्हणाले. मग विचारलं, "साहेब मूळचा कुठल्या गावचा म्हणालास?"

"टोनावांडाचा."

"गाव राहिलं का त्यांचं?"

"राहिलं, बाबा. अजून त्यांचंच आहे."