कच्चा पापड, पक्का पापड

दातांच्या डॉक्टरांनी माझा खालचा ओठ बोटानं बाहेर ओढला, समोर आरसा धरला आणि विचारलं, "बार इथंच धरता ना?"

मी मान हलवली. दातांच्या मुळाशी, ओठाच्या आत पांढुरका, सुरकुतलेला चट्टा होता. दुधावर साय धरते तसा. साय बोटानं निघते, हा निघत नव्हता. त्यांनी गॉजनं पुसूनही दाखवला.

"किती वर्षं खाताय?"

"सतरा. आयटीआयपासून."

"तुकडा तपासायला पाठवू. आठ दिवसांनी रिपोर्ट येईल. तो काय यायचा ते येऊ दे, तंबाखू आजपासून बंद."

मी हो म्हणालो. दवाखान्यातून खाली उतरलो, रस्त्याच्या कडेला गाडी लावली आणि ओठाला टोचलेली भूल उतरायच्या आत दुसऱ्या बाजूला बार भरला. पुढे मी काही शूरवीर वगैरे वाटू नये म्हणून हे आधीच सांगून टाकलं.

ही २०२३ च्या दिवाळीआधीची गोष्ट. मी सांगलीजवळ कुपवाड एमआयडीसीत सीएनसी मशीनवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवर आहे. एक जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, लावला की मशीन चार मिनिटं आपलं आपण चालतं, आणि त्या चार मिनिटांत माणसानं करायचं काय, याचं उत्तर आमच्या शॉपमध्ये सगळ्यांकडं एकच होतं. दिवसाला आठ-नऊ बार व्हायचे. तिसऱ्या पाळीला तर मोजतच नव्हतो.

उरलेला वेळ गेममध्ये. आमचा चौघांचा स्क्वॉड २०२० च्या लॉकडाऊनमध्ये पबजीवर जमला. एक नांदेडकडचा टेम्पोवाला, त्याला सगळे मामा म्हणतात. एक गोव्यातल्या म्हापशाचा, हॉटेलात कामाला, त्याला आम्ही भाऊ म्हणतो. एक अमरावतीची, तेव्हा बी. फार्मच्या पहिल्या वर्षाला होती, नेम आम्हा तिघांपेक्षा चांगला. आणि मी. कुणी कुणाला पाहिलेलं नाही. त्या सप्टेंबरात पबजीवर बंदी आली, पुढच्या वर्षी त्याचीच भारतातली आवृत्ती बीजीएमआय आलं, २०२२ च्या जुलैत तेही स्टोअरवरून गायब झालं आणि २०२३ च्या मे महिन्यात परत आलं. एवढ्या घालमेलीत आमचा व्हॉट्सॲप ग्रुप तेवढा चालू राहिला. गेम नव्हता त्या दिवसांत म्हापशाचा भाऊ रात्री हॉटेल आवरल्यावर व्हॉइस नोट टाकायचा, गिऱ्हाइकांच्या गमती सांगायचा. आम्ही ऐकायचो आणि झोपायचो.

माझा गेम आणि माझा बार मात्र जुळे भाऊ होते. लॉबीत मॅच लागायची वाट बघताना मोबाईल मांडीवर ठेवायचा. डाव्या तळव्यावर तंबाखू, नखाएवढा चुना, अंगठ्यानं मळून घ्यायचं, दोन थापा मारून फक्की उडवायची आणि चिमूट ओठात. विमानातून उडी मारेपर्यंत ओठ भरलेला असायचा. मग माइकवर "डाव्या बाजूला दोघं आहेत" असं सांगायचं तर ओठातून "डाया बाउला दोआयत" असं काहीतरी यायचं. पोचिंकीत, म्हणजे गेममधल्या गावात, उतरल्या उतरल्या आम्ही किती वेळा मेलो असू त्यापायी. "दादा, आधी थुंका, मग सांगा," अमरावती ओरडायची. म्हापशाच्या भावाला तर पहिले काही महिने वाटत होतं की मी रोज रात्री बारमध्ये बसून खेळतो. "तुझा बार एवढा उशिरापर्यंत उघडा कसा रे?"

त्या रात्री मी चट्ट्याचं बायकोला सांगितलं नाही. या तिघांना सांगितलं. कारण साधं आहे. घरात माझ्या शपथा तीनदा मोडून झाल्या होत्या. एकदा आईची, एकदा जोतिबाची, एकदा पोराच्या डोक्यावर हात ठेवून. चौथ्यांदा तोंड उघडायची लाज वाटत होती. या तिघांपुढं माझं अजून काही मोडलेलं नव्हतं.

लॉबीत कुणीच स्टार्ट दाबला नाही. मग म्हापशाचा म्हणाला, "रिपोर्ट आठ दिवसांनी ना? मग आठ दिवसांचं आज बघू नको. उद्या रात्री अकरापर्यंत थांब. अकराला मी येतो."

तेव्हाच त्यानं पहिल्यांदा सांगितलं की तो चार वर्षांपूर्वी दारूतून बाहेर आलाय, आठवड्यातून दोनदा एएच्या, म्हणजे दारू सोडणाऱ्यांच्या, मीटिंगला जातो आणि तिथं फक्त आजच्या दिवसाचं बोलतात. हॉटेलात रोज दुसऱ्यांना ग्लास भरून देणारा माणूस! आम्ही साडेतीन वर्षं त्याच्याबरोबर खेळत होतो, आम्हाला पत्ता नव्हता.

अमरावतीनं दुसऱ्या दिवशी ग्रुपवर धडाच टाकला. २०१६-१७ च्या देशभरच्या पाहणीत २१.४ टक्के मोठी माणसं खायची-चघळायची तंबाखू घेत होती, म्हणजे पाचात एक. मामानं लगेच हिशोब केला, "आपल्यात चारात दोन." मामा गुटखा खातो. राज्यात २०१२ पासून बंदी आहे, पण मामाला तो कधी मिळाला नाही असं मी तरी ऐकलेलं नाही. मग तिनं सांगितलं की पुडीवरच नंबर छापलेला असतो, १८००-११-२३५६, तिथं फोन कर. सतरा वर्षांत हजारो पुड्या फोडल्या असतील, पण मी पुडी कायम चित्राची बाजू खाली करून फोडायचो, त्यामुळं नंबर दिसणार कुठून? फोन केला. पलीकडच्या बाईंनी दोन गोष्टी विचारून घेतल्या: तारीख कुठली ठरवताय, आणि तलफ कुठल्या वेळेला येते. दुसऱ्याचं उत्तर देताना माझ्या लक्षात आलं की सगळ्यात मोठी तलफ रात्री अकराची आहे. लॉबीची.

म्हणजे गेम सोडायचा किंवा लॉबी बदलायची. तोडगा मामानं काढला, आणि तोही मला छळायला म्हणून. "प्रत्येक मॅचच्या आधी यानं कच्चा पापड पक्का पापड म्हणायचं. पाच येळेस. चुकला की स्टार्ट नाही."

ओठात बार ठेवून कच्चा पापड पक्का पापड म्हणून बघा. 'प'साठी ओठ मिटावे लागतात आणि मिटले की रस सुटतो. दुसऱ्या पापडालाच पकडले जाता. पहिल्या रात्री हसून हसून मॅच लागायला पंधरा मिनिटं गेली. दुसऱ्या रात्रीपासून तो नेमच झाला, आणि एकट्यानं म्हणणं बरं दिसत नाही म्हणून सगळेच म्हणायला लागले. मामाचा कायम "कच्चा पापल" व्हायचा.

गमचं सांगतो, कारण तिथं बरेच जण चुकतात. निकोटिनचं दोन मिलिग्रॅमचं गम मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळतं. मी पहिलं गम बबलगमसारखं कचाकचा चावलं. घशाला आग, वर उचक्या. रात्री अमरावतीनं झापलं, "काय दादा, गम तसं चावायचं असते का जी?" हळूहळू चावायचं, मिरीसारखी चुणचुण आली की थांबायचं आणि गालात, हिरडीच्या बाजूला दाबून ठेवायचं. चुणचुण गेली की पुन्हा थोडं चावायचं. अर्धा तास असं. चहा पंधरा मिनिटं आधी बंद. मी म्हटलं, हा बारच झाला की, फक्त पुडी बदलली! ती म्हणाली, "हो, पण ही पुडी महिन्या-महिन्यानं कमी करता येते."

तिसरा दिवस सगळ्यात वाईट. डोकं जड, हात रिकामे. डाव्या तळव्यावर उजवा अंगठा आपोआप फिरायचा, तळव्यात काही नसताना. पोराला पेन्सिल हरवली म्हणून इतका ओरडलो की शेजारीण दारात आली. आणि ज्यावर कुणी बोलत नाही ते म्हणजे पोट. सतरा वर्षं सकाळी बार लावल्याशिवाय मला संडासला झालेली नव्हती. चार दिवस नुसता बसून परत यायचो. हे एका पोरीला सांगायचं कसं? शेवटी म्हापशाच्या भावाकरवी निरोप गेला आणि तिचं सरळ उत्तर आलं: इसबगोल, रात्री, कोमट पाण्यात, आणि पाणी भरपूर. लाजलो मीच.

तलफ मोठी वाटते, पण ती थोड्या मिनिटांत ओसरते. मशीनचं एक सायकल, दुसरं सायकल, की गेली. हे मला फोनवरच्या बाईंनी सांगितलं होतं, पटलं मात्र मशीनच्या पडद्यावरचा टायमर बघत उभा राहिलो तेव्हा.

रिपोर्ट आठव्या दिवशी आला. कॅन्सर नाही, पेशींत वाईट बदल नाही, तीन महिन्यांनी पुन्हा दाखवा. त्या दिवशी घरी सांगितलं. बायको ऐकत राहिली आणि एवढंच म्हणाली, "अहो, आठ दिवस हे कुणाला माहीत होतं?" मी खरं सांगितलं. ते तिला लागलं. लागणारच. त्यावर माझ्याकडं अजूनही उत्तर नाही.

एकोणिसाव्या दिवशी मोडलं. तिसरी पाळी लागली होती, म्हणजे अकराची लॉबी नाही, पापड नाही. पहाटे तीनच्या सुमाराला टूल तुटलं, चाळीसेक जॉब रिजेक्शनला गेले, सुपरवायझर बोलून गेला. मागं हेल्पर मळत होता. मी नुसता हात पुढं केला. त्या आठवड्यात पुडीही विकत घेतली.

पाळी बदलल्यावर लॉबीत आलो ते माइक बंद ठेवून. चॅटवर लिहिलं, माइक बिघडलाय. दोन रात्री तसाच खेळलो, म्हणजे बार लावून. तिसऱ्या दिवशी दुपारी मामाचा फोन. आम्ही फोनवर कधीच बोललो नव्हतो.

"काय करायलास लेका?"

"काही नाही मामा, जेवून बसलोय."

"मोबाईल तोच ना?"

"तोच की."

"मग माइक बिघडलाय तर बोलायलास कसा?"

मला हसू आलं आणि मग नुसतं हसू राहिलं नाही. मामा मागं ट्रकांचे हॉर्न वाजत असताना गप्प थांबला होता. शेवटी म्हणाला, "हे बघ, मला सुटंना झालंय. गोव्याचं पोरगं सांगतंय ते मला जमंना. तुला एकोणीस दिवस जमलं. म्हणजे तुला येतंय." आणि पुढं त्यानं असं ठरवलं की माझ्या तिसऱ्या पाळीला, पहाटे तीनच्या जेवणाच्या सुट्टीत, तो कुठं गाडी लावून उभा असेल तिथून फोन करणार. केलेही. निम्म्या वेळेला तोंडात गुटखा घेऊनच.

बायको म्हणायची, एक सुटलं, दुसरं धरलं. चुकीचं नव्हतं. पहिले दोन महिने मी रोज तीन-तीन तास खेळत होतो. मोठ्यांना दिवसाला सहा तासांची मर्यादा तेव्हा गेमच घालायचा, पण सहा तास ही काय मर्यादा झाली? मार्चमध्ये म्हापशाच्या भावानंच रोज दोन मॅच असं ठरवलं. तिसरी मॅच मागितली की तो सरळ लॉबी सोडतो. चट्टा तीन महिन्यांनी पातळ झाला होता, सहा महिन्यांनी डॉक्टरांना शोधावा लागला. गम तोवर सुटलं होतं. वर्षाला एकदा दाखवायला जातो.

पापड मात्र चालू आहे, आता त्याशिवाय मॅच सुरू झाल्यासारखीच वाटत नाही. परवा नेहमीप्रमाणं माझा झाला, अमरावतीचा झाला, म्हापशाचा झाला. मग मामा. कच्चा पापड पक्का पापड, पाचही वेळा, स्वच्छ. लॉबीत कुणी काही बोलेना.

"मामा," अमरावती म्हणाली, "परत म्हणा बरं."

"स्टार्ट कर की," मामा म्हणाला.