जळका थर तारीख सांगतो, जाळणाऱ्याचं नाव नाही

बायबलमध्ये मोशेनंतरचा इस्राएली पुढारी यहोशवा याने कनान (साधारण आजचा इस्राएल-पॅलेस्टाइन) जिंकल्याची कथा आहे. ती जमिनीत शोधायला निघालं की पहिली ठेच यरीहोलाच लागते, कथेत तट कोसळून पडलेल्या शहराला. १९३० च्या दशकात पुरातत्त्वज्ञ जॉन गार्स्टँग यांनी तिथली पडकी तटबंदी यहोशवाच्या काळातली ठरवली. १९५२ ते १९५८ या काळात पुरातत्त्वज्ञ कॅथलीन केन्यन यांनी खोल चर घेऊन थर अन् थर वेगळा केला, तेव्हा तीच तटबंदी सुमारे हजार वर्षं आधीची निघाली. शहर जळाल्याचा मोठा थर इ.स.पू. १५५० च्या आसपासचा. इ.स.पू. १३व्या शतकात, म्हणजे स्वारीसाठी सहसा धरला जातो त्या काळात, तिथे वस्ती असलीच तर जेमतेम. यहोशवाच्या काळचा तट नंतर धुपून गेला असेल, असं काही जण म्हणतात. ठीक आहे, पण भिंत वाहून गेली तरी खापरं मागे राहतात. त्या काळची खापरं तिथे फारच थोडी आहेत.

अशा जळक्या थराचं वय कार्बनवरून काढताना नेहमीची चूक म्हणजे तुळईचा कोळसा घेणं. लाकूड जुनं असतं, दुसऱ्या घरातून काढून पुन्हा वापरलेलंही असतं. तारीख शंभरेक वर्षं सहज मागे सरकते. जळलेलं धान्य एकाच हंगामाचं, म्हणून नमुना त्याचाच हवा.

कथेत यरीहोनंतर जिंकलेलं आय हे गाव ज्या एत-तेल टेकाडावर मानतात, ते इ.स.पू. २४०० ते १२०० ओसाड होतं. मग जिंकलं काय? गावाच्या नावाचा अर्थच ‘पडकी जागा’ असा लावतात; आधीच दिसणाऱ्या ढिगाऱ्यावरून कथा रचली गेली असावी, हे मला जास्त पटतं.

यहोशवाने जाळलं असं कथा सांगते ते हासोर शहर मात्र इ.स.पू. १३व्या शतकात खरंच जळालं. मूर्तींची डोकी, हात तोडलेले सापडले. तोडले कोणी, हे राखेवर लिहिलेलं नसतं.

इस्राएलचं बहुतेकांना मान्य असलेलं सर्वांत जुनं नाव इ.स.पू. १२०८ च्या सुमाराच्या, इजिप्तचा राजा मेर्नेप्ताह याच्या शिलालेखात आहे. त्या लिपीत नावापुढे ते कशाचं आहे हे दाखवणारं चिन्ह असतं: शेजारच्या शहरांच्या नावांना प्रदेशाचं, इस्राएलला लोकसमूहाचं. पुढच्या दोन शतकांत मध्य डोंगराळ भागात दोनेकशे छोटी, बिनतटाची खेडी उभी राहिली. त्यांची भांडी कनानी घडणीचीच पुढची पायरी, म्हणून हे लोक बहुतांशी तिथलेच असावेत. तिथे डुकराची हाडं जवळजवळ मिळत नाहीत, म्हणून ही खेडी डुक्कर वर्ज्य मानणाऱ्या इस्राएलींची, असं म्हणतात. हा पुरावा मात्र जपून वापरावा: ती कनानमधल्या इतर बऱ्याच ठिकाणीही कमीच असतात.