चौदावा प्रश्न अडला आणि टायब्रेकर होऊन सुटला

मागच्या नोंदीत मी लिहिलं होतं की संक्रांतीनंतरच्या क्विझचे चाळीसही प्रश्न पक्के झाले, आता फक्त स्लाइड उरल्या. ते मागे घेतो. रविवारी सोलापुरात पार्क चौकाजवळच्या हॉलमध्ये सराव फेरी घेतली, चार टीम, बारा जण. भूगोल आणि विज्ञान सुरळीत पार पडलं. इतिहासाच्या चौदाव्या प्रश्नावर मात्र गाडी अशी रुतली की पाऊण तास हलली नाही.

प्रश्न साधा होता: मराठीतला सर्वात जुना शिलालेख कुठे आहे? माझ्या कार्डावर उत्तर होतं श्रवणबेळगोळ. शाळेपासून तेच पाठ झालेलं, त्यामुळे हा सिटर, म्हणजे सगळ्यांना येणारा सोपा प्रश्न आहे असं समजून मी तो फेरीच्या मध्यावर टाकला होता. तीन टीमनी पाउन्स केला, म्हणजे आपली पाळी नसताना चिठ्ठीवर उत्तर लिहून दिलं, आणि तीन चिठ्ठ्यांवर तीन गावं आली: श्रवणबेळगोळ, अक्षी, कुडल. मी पहिल्या टीमला गुण दिले. तेवढ्यात ‘हुरडा’ टीममधले निवृत्त गुरुजी उभे राहिले.

“कुडल आपल्या दक्षिण सोलापुरातलं आहे की ओ. तिथं शक कोरलाय. तुमच्या बेळगोळच्या ओळीत शक कुठाय, दाखवा बघू.”

दाखवता आला नाही, कारण तो तिथे नाहीच. गोमटेश्वराच्या पायाशी ‘श्रीचावुण्डराजें करवियलें’ ही ओळ आहे. चावुंडरायाने मूर्ती दहाव्या शतकाच्या अखेरीस करवली, म्हणून ओळही तेव्हाचीच, असा हिशेब आपण पिढ्यानपिढ्या करत आलो. पण शेजारीच दुसरी ओळ आहे, ‘श्रीगंगराजें सुत्ताले करवियलें’, म्हणजे गंगराजाने मूर्तीभोवतीचा प्राकार करवला. हा गंगराज होयसळ विष्णुवर्धनाचा सेनापती, म्हणजे थेट बारावं शतक. दोन्ही ओळींच्या अक्षरांचं वळण सारखं आहे, त्यामुळे अनेक अभ्यासक दोन्ही एकाच वेळी, बाराव्या शतकात कोरल्या गेल्या असं मानतात. मूर्तीचं वय आणि ओळीचं वय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि माझ्या कार्डाने त्या एक केल्या होत्या. प्रश्न रद्द केला. दिलेले गुण काढून घेताना फार वाईट वाटलं, कारण त्या टीमने तेच लिहिलं होतं जे मी त्यांच्याकडून मागितलं होतं.

सोमवारपासून रोज रात्री हाच एक प्रश्न घेऊन बसलो. पहिली दुरुस्ती सरळ वाटली: ‘ज्यावर शक कोरलेला आहे असा सर्वात जुना मराठी शिलालेख’. बेळगोळ आपोआप बाहेर गेलं, पण अक्षी आणि कुडल समोरासमोर आले. अलिबागजवळच्या अक्षीचा लेख शके ९३४ चा, म्हणजे इसवी सन १०१२. आपलं हत्तरसंग कुडल शके ९४० चं, म्हणजे १०१८. फरक अवघा सहा वर्षांचा. सोलापूरकर म्हणून मला कुडल हवं होतं, हे मोकळेपणाने सांगतो. आनंद कुंभारांनी हा लेख उजेडात आणला, ते आपल्या सोलापूरचे, आणि त्या कामाचा मला मनापासून अभिमान आहे. पण अभिमानाने गुण देता येत नाहीत.

मग वाटलं, आधी शकांचीच खात्री करून घेऊ. इथे एक सुंदर गोष्ट हाती लागली, प्रश्न रचणाऱ्या प्रत्येकाने वहीत लिहून ठेवावी अशी. दोन्ही लेखांत शकासोबत संवत्सराचं नावही आहे: अक्षीत परिधावी, कुडलला कालयुक्त. शकाच्या आकड्यात १२ मिळवायचे, ६० ने भागायचं, आणि जी बाकी उरेल तो साठ संवत्सरांच्या यादीतला क्रमांक. ९४० अधिक १२ म्हणजे ९५२, बाकी ५२, आणि बावन्नावा संवत्सर कालयुक्त! ९३४ अधिक १२ म्हणजे ९४६, बाकी ४६, सेहेचाळिसावा परिधावी. दोन्ही तंतोतंत. भिंतीवरच्या पंचांगाशीही पडताळून पाहिलं: शके १९४७, बाकी ३९, विश्वावसू. हजार वर्षांपूर्वी दगडावर कोरणाऱ्या माणसाचा हिशेब माझ्या स्वयंपाकघरातल्या पंचांगाशी जुळला, तेव्हा रात्रीचे साडेबारा झाले होते आणि मी एकटाच टाळ्या वाजवत होतो.

प्रश्न मात्र तिथेच. शक जुळले म्हणजे दोन्ही लेख आपापल्या जागी पक्के, आणि उद्या आणखी जुना लेख सापडला तर माझं कार्ड पुन्हा खोटं. ‘सर्वात जुना’, ‘पहिला’, ‘एकमेव’ हे शब्द असलेले सगळे प्रश्न मी बाजूला काढले. चाळीसपैकी नऊ निघाले!

वाट आईमुळे सापडली. कुडलच्या लेखातली मराठी ओळ मी कागदावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवली होती: ‘वाछि तो विजेया होइवा’. आई चहा घेऊन आली, चष्मा न लावता वाचलं आणि म्हणाली, “वाचील तो विजयी होईल. तुझ्या क्विझचंच वाक्य आहे की रे हे.”

आता प्रश्न असा आहे: भीमा आणि सीना यांच्या संगमावरच्या संगमेश्वर मंदिरात शके ९४० ची ही ओळ आहे, ती आजच्या मराठीत सांगा. कुठला पहिला नाही, दुसरा नाही. दगडावर जे आहे तेच विचारायचं. पाठांतराची गरज नाही, ओळीकडे बघत बसलं की ती उलगडते. शेजारच्या नववीतल्या मुलावर चाचणी घेतली. ‘होइवा’वर थोडा थांबला, पण अर्ध्या मिनिटात प्रश्न सुटला. अडलेल्या टीमला हिंट म्हणून तिथल्या बहुमुखी शिवलिंगाचं चित्र ठेवतो, ३५९ मुखांचं ते शिवलिंग जिल्ह्यात बहुतेकांनी पाहिलेलं असतं. आणि हा प्रश्न आता चौदावा राहणार नाही, टायब्रेकरला जाईल. बरोबरीत अडकलेल्या दोन टीमसमोर ‘वाचील तो विजयी होईल’ हीच ओळ यावी, याहून योग्य जागा तिला नाही.

चौदाव्याच्या रिकाम्या जागी क्रम लावायचा प्रश्न घेतोय: अक्षी, कुडल, दिवेआगर. शके ९३४, ९४० आणि ९८२. तिन्हींवर वर्ष लिहिलेलं असल्यामुळे वाद नाही. यातलं दगडावर नसलेलं कोणतं, याला बोनस. दिवेआगरचा ताम्रपट आहे.

हे लिहिता लिहिताच मनोरंजन फेरीचा सातवा प्रश्नही सुटतोय. ‘पहिला भारतीय चित्रपट कोणता’ असा तो होता आणि तोही त्या नऊमधलाच. दादासाहेब तोरण्यांचा ‘श्री पुंडलिक’ मे १९१२ मध्ये आला, पण ते चित्रित केलेलं नाटक, म्हणून मान फाळक्यांच्या १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’ला मिळतो. यावर रात्रभर भांडता येईल. त्यापेक्षा विचारतो: हे दोन्ही चित्रपट मुंबईतल्या एकाच थिएटरात लागले, ते कोणतं? कॉरोनेशन. झालं, दोन्ही दादासाहेब एका प्रश्नात आले आणि कुणाचा मान गेला नाही. उरलेल्या सातांचंही असंच काहीतरी करायचं आहे.

विज्ञानातला शून्य सावलीचा प्रश्न ठेवतोय तसाच. सोलापूर, नागपूर, भोपाळ, दिल्ली यांपैकी कुठे सूर्य कधीच बरोबर डोक्यावर येत नाही? दोन टीमनी कर्कवृत्त कागदावर काढून दिल्ली शोधली. त्यांचा भोपाळवर झालेला गोंधळ आणि मग ‘ते वृत्ताच्या जरासं खालीच आहे’ म्हणून सुटलेला निश्वास, हे बघण्यासाठीच मी प्रश्न रचतो. फंड्याच्या, म्हणजे उत्तरामागचं कारण सांगणाऱ्या स्लाइडवर सोलापुरात सूर्य डोक्यावर येण्याची वेळही टाकली आहे: मेचा दुसरा आठवडा आणि ऑगस्टची सुरुवात.

साहित्याबद्दल दोन शब्द. फोनवरचं बझर ऍप यावेळी बंद. नेट मंद झालं की आधी दाबलेला मागे पडतो, आणि पाव सेकंदावरून मित्र दुखावतात. दारावरच्या बेलची बटणं, वायर आणि चार दिवे, एवढ्यात इलेक्ट्रिशियनने करून दिलेला बोर्ड दोन वर्षं एकदाही चुकलेला नाही. स्लाइडचं सांगायचं तर जुन्या नॉन-युनिकोड फाँटमधलं काहीही दुसऱ्याच्या लॅपटॉपवर नेऊ नका, रविवारी ‘चावुण्डराजें’चं पार कडबोळं झालं होतं. युनिकोडमध्ये टाइप करा आणि पीडीएफ करूनच न्या. संदर्भासाठी मी अजूनही आधी मराठी विश्वकोश उघडतो.

येत्या रविवारी सकाळी कुडलला जातोय, ओळीचा फोटो स्वतः काढायला. समोरून फ्लॅश मारला तर अक्षरं सपाट दिसतात, म्हणून टॉर्च बाजूने, अगदी तिरका धरायचा. गुरुजी बरोबर येतायत, त्यांनी टॉर्च धरायचं कबूल केलंय. सहाला निघू, म्हणजे उन्हाच्या आत परत. गाडीत अजून दोन जागा आहेत.