बाटलीभर पाणी आणि बुजलेली कूपनलिका

एक जुनी कूपनलिका शोधायची होती. बंद पडल्यावर तिचं तोंड बुजवलं, वर भराव टाकला, आणि कागदोपत्री ती 'आहे' एवढीच नोंद राहिली. नेमकी कुठे, हे कुणालाच सांगता येईना. आत लोखंडी केसिंग पाइप आहे हे मात्र नक्की होतं. साधा मेटल डिटेक्टर इथे तोकडा पडतो. हातभर खोलीच्या पुढे त्याचा भरवसा नाही, आणि भरावातल्या प्रत्येक खिळ्यावर तो बोंबलतो. म्हणून प्रोटॉन मॅग्नेटोमीटर, म्हणजे चुंबकीय अनुनादावर चालणारं, चुंबकीय क्षेत्र मोजायचं यंत्र, बनवायला घेतलं.

चुंबकीय अनुनाद म्हटलं की लोकांना एमआरआय आठवतो. जमिनीचाही तसाच स्कॅन निघणार का, असं मला बऱ्याच जणांनी विचारलं. तसं काही होत नाही. इथे अनुनाद होतो तो बाटलीतल्या पाण्यात, जमिनीत नाही. कललेला भोवरा फिरता फिरता डुलतो, तसे पाण्यातल्या हायड्रोजनचे प्रोटॉन पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राभोवती डुलत असतात, आणि त्यांची गती फक्त त्या क्षेत्रावर ठरते: दर मायक्रोटेस्लाला (हे क्षेत्र मोजायचं एकक) सेकंदाला ४२.५८ फेरे. पृथ्वीचं क्षेत्र जागेनुसार साधारण २५ ते ६५ मायक्रोटेस्ला असतं. माझ्या जागेवर ते ४५ च्या आसपास, म्हणजे १,९१६ हर्ट्झ. चक्क कानाला ऐकू येणारा सूर. खाली लोखंड असलं की तिथलं क्षेत्र बदलतं आणि सूर चढतो किंवा उतरतो. १९५४ साली पॅकार्ड आणि व्हेरियन या भौतिकशास्त्रज्ञांनी ही गोष्ट दाखवली, आणि १९५८ साली इंग्लंडमध्ये वॉटर न्यूटन इथे मार्टिन एटकिन यांनी याच तत्त्वावर जमिनीखालच्या रोमन भट्ट्या शोधल्या. भाजलेली माती थंड होताना चुंबकत्व धरून ठेवते, म्हणून ते जमलं.

(प्रत्यक्ष जमिनीतच अनुनाद घडवणाऱ्या पद्धतीही आहेत. भूजलासाठी जमिनीवर तारेचं मोठं वेटोळं पसरतात. पण ते हौशी माणसाचं काम नव्हे.)

साहित्य किरकोळ होतं: प्लास्टिकच्या दोन बाटल्या, डिस्टिल्ड वॉटर, वाइंडिंगची तांब्याची तार, बारा व्होल्टची बॅटरी, अ‍ॅम्प्लिफायर. बाटलीवर शेकडो वेढे घ्यायचे आणि काही सेकंद अँपिअर-दीड अँपिअर प्रवाह सोडायचा. प्रोटॉन त्या कॉइलच्या दिशेला वळतात. मग प्रवाह झटकन तोडायचा. सगळी मेख या 'झटकन'मध्ये आहे. प्रवाह हळू ओसरला तर प्रोटॉन मुकाट पृथ्वीच्या क्षेत्राच्या दिशेला येऊन बसतात आणि डुलतच नाहीत. तोडला की तीच कॉइल आता कान होते आणि त्यांचा सूर ऐकते, जेमतेम मायक्रोव्होल्टमधला.

दोन बाटल्या घेतल्या त्या गोंगाटासाठी. कॉइल एकमेकींना उलट्या जोडल्या की विजेच्या तारांचा गुणगुणाट दोघींत उलटसुलट येऊन बराचसा मरतो, प्रोटॉनचा सूर मात्र एकत्र येतो. विजेच्या पन्नास हर्ट्झची ३८ वी पट म्हणजे १,९०० हर्ट्झ, माझ्या सुराला खेटूनच. तेव्हा तारांपासून लांब जाण्याला पर्याय नव्हता. घरात तर प्रश्नच नाही. स्लॅबमधल्या सळयांमुळे क्षेत्र इतकं वेडंवाकडं असतं की सूर जन्मतःच विरतो.

मोकळ्या जागेत हेडफोन लावला आणि एक बारीक शीळ आली, सेकंदभरात विरून गेली. आनंद झाला, पण ती शीळ प्रोटॉनचीच कशावरून? कॉइल आणि तिला जोडलेला कपॅसिटर स्वतःही झटक्यानंतर वाजतात. मी कपॅसिटर थोडा बदलला. सर्किटची शीळ असती तर तिची पट्टी सरकली असती. आवाज जरा क्षीण झाला, पट्टी हलली नाही. मग बाटल्या रिकाम्या केल्या, शीळ गायब. परत भरल्या, हजर. या तपासणीशिवाय पुढचं एकही वाचन मी मानलं नसतं, आणि दुसऱ्या कुणी घेतलेलं असतं तरी मानलं नसतं.

पाहणीचं काम कंटाळवाणं आहे, लपवण्यात अर्थ नाही. सुतळीने मीटर-मीटरचे चौकोन आखले, लाकडी खुंट्या ठोकल्या, बाटल्या बांबूवर दीड मीटर उंच धरल्या. कॉइलचा अक्ष पूर्व-पश्चिम ठेवला, म्हणजे तो कुठेही पृथ्वीच्या क्षेत्राला काटकोनात राहतो. चाव्या, पट्ट्याचं बक्कल, मोबाइल लांब ठेवले. दिवसभरात पृथ्वीचं क्षेत्र आपसूकच वीस-पन्नास नॅनोटेस्ला (मायक्रोटेस्लाचा हजारावा भाग) सरकतं, म्हणून अधूनमधून एका ठरावीक खुंटीवर परतून वाचन घ्यावं लागतं. एक नॅनोटेस्ला म्हणजे ०.०४३ हर्ट्झ, तो फरक कानाला कळत नाही, रेकॉर्डिंगवरून मोजावा लागतो.

बऱ्याच चौकोनांत काही नव्हतं. मग एका ओळीत सूर चढू लागला, पुढच्या ओळीत आणखी, आणि त्याच्या मधोमध शीळच येईना. खट् आवाज येई, त्यापुढे शांतता. यंत्र बिघडलं असं पाहणाऱ्यांचं मत पडलं. मला मात्र इथेच पाइप आहे असं वाटलं. लोखंड जवळ असलं की बाटलीच्या एका टोकाचं क्षेत्र दुसऱ्या टोकापेक्षा वेगळं होतं. इथले प्रोटॉन एका पट्टीत, तिथले दुसऱ्या पट्टीत, आणि सगळे मिळून क्षणात बेसूर. बांबू अडीच मीटरचा केला तशी शीळ परतली, आजूबाजूपेक्षा पन्नासेक हर्ट्झ वर. म्हणजे हजारावर नॅनोटेस्लाचा फरक. एवढा फरक खिळ्या-पत्र्याने पडत नाही.

मग तिथून खोलीचा अंदाज काढला. उभ्या लांब पाइपचं दुसरं टोक खूप खाली असल्याने वरचं टोक एकट्या चुंबकीय ध्रुवासारखं वागतं. फरक सर्वांत जास्त असलेल्या जागेपासून तो निम्मा होईपर्यंत जेवढं अंतर चालावं लागतं, त्याच्या १.३ पट खोली. मला अडीच मीटर चालावं लागलं, म्हणजे बाटलीपासून सव्वातीन मीटर. त्यातून बांबूचे अडीच वजा केले की उरलं पाऊण मीटर. हिशेब ढोबळ आहे, कारण पाइपचं स्वतःचंही जुनं चुंबकत्व असतं आणि ते कुठल्याही दिशेला असू शकतं. खणल्यावर पाइपचं तोंड त्याहून थोडं वरच लागलं. ध्रुव टोकाच्या किंचित आत असतो, तेव्हा ते जमण्यासारखंच होतं. तोंडावर झाकण होतं, तेही लोखंडीच.

आता काही जण सोनं-तांबं शोधून द्या म्हणून मागे लागलेत. त्या धातूंनी सूर हलत नाही, त्यामुळे तिथे हे यंत्र कुचकामी आहे.